जालन्याच्या छावणीतला पक्षिवेडा डॉक्टर

जालना म्हटले की मोसंबी, संकरित बियाणे आणि लोखंडी सळयांचे कारखाने डोळ्यांसमोर येतात. इतिहासाची आवड असणाऱ्यांना जिल्ह्यातल्या असई गावाजवळची १८०३ सालची लढाई आठवते. कदीम जालन्यातली जुनी मंडळी जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, असे अजूनही अभिमानाने सांगतात. मात्र जगभरच्या पक्षिशास्त्राच्या सूच्यांमध्येही जालन्याचे नाव गेली पावणेदोनशेहून अधिक वर्षे छापले जात आहे, हे जालनेकरांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असेल. ते नाव एका मातकट रंगाच्या, चिमणीपेक्षा थोड्या लांबट पक्ष्याशी जोडलेले आहे. इंग्रजीत त्याला लाँग-बिल्ड पिपिट म्हणतात, मराठीत लांब चोचीची तीरचिमणी म्हणता येईल. खडकाळ माळावर धावत किडे टिपणारा हा पक्षी इतका साधा आहे की, शेजारून गेला तरी कुणी मान वळवून पाहणार नाही. त्याचे शास्त्रीय नाव अँथस सिमिलिस. त्यातल्या सिमिलिस या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी सारखा दिसणारा असा होतो. शास्त्राने या पक्ष्याचे वर्णन प्रथम केले ते १८४० साली, आणि ज्या पक्ष्यावरून केले तो जालन्याचा होता. वर्णन करणाऱ्या लष्करी डॉक्टरचे नाव थॉमस कॅव्हरहिल जर्डन.

जर्डन यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८११ रोजी इंग्लंडमधील डरहॅम परगण्यात झाला. घराणे मात्र स्कॉटलंडच्या सीमाभागातल्या जेडबरोजवळचे. वडिलांना निसर्गाची आवड होती आणि ती मुलांमध्ये उतरली. धाकटा भाऊ आर्चिबाल्ड पुढे बुरशी आणि अळंब्यांचा अभ्यासक झाला. थॉमस एडिंबरा विद्यापीठात गेले, तेथे रॉबर्ट जेमसन यांच्या निसर्गविज्ञानाच्या वर्गात बसले आणि मग वैद्यकाकडे वळले. याच जेमसन यांच्या वर्गात थोडी वर्षे आधी चार्ल्स डार्विनही बसून गेले होते. डार्विन यांना ती व्याख्याने कमालीची कंटाळवाणी वाटली होती. जर्डन यांना तसे वाटले नसावे, कारण डॉक्टरकीने त्यांना पोट दिले, पण मन कायम त्या दुसऱ्याच विषयात राहिले.

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणून नेमले आणि फेब्रुवारी १८३६ मध्ये ते मद्रासला उतरले. पहिली नेमणूक गंजम भागात, ताप आणि हगवणीने बेजार झालेल्या सैनिकांच्या शुश्रूषेसाठी होती. पुढच्याच वर्षी, १८३७ च्या मार्चमध्ये, त्यांची बदली मद्रास सैन्याच्या दुसऱ्या हलक्या घोडदळात झाली. याच घोडदळाबरोबर हा पंचविशीतला डॉक्टर जालन्याला आला.

तेव्हाचे जालना निजामाच्या मुलखात होते. १८२७ च्या सुमारास गावाच्या पूर्वेला इंग्रजांची पक्की छावणी उभी राहिली होती. छावणीतले जीवन कंटाळवाणे असे. सकाळची कवायत आटोपली की, गोऱ्या अधिकाऱ्यांपुढे आख्खा दिवस उरे आणि तो घालवण्याचे सर्वमान्य साधन होते शिकार. घोड्यावरून भाल्याने रानडुकराचा पाठलाग, काळविटाची शिकार, माळावर माळढोक आणि तणमोर, हिवाळ्यात तळ्यांवर उतरणारी बदके. शिकारीचा हा सोस किती होता याची कल्पना यावी म्हणून शेजारच्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. तेथे रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एकट्या इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. आज अख्ख्या देशात शे-दीडशे माळढोक उरले आहेत, हे लक्षात घेतले की तो आकडा वाचताना छातीत धस्स होते.

जर्डन हेही शिकारीच होते आणि चांगले शिकारी होते, हे आधीच सांगून टाकलेले बरे. आजच्या अर्थाने त्यांना पक्षिप्रेमी म्हणणे अवघड आहे. त्या काळी दुर्बीण लावून पक्षी पाहण्याची आणि वहीत टिपणे काढून घरी परतण्याची पद्धत नव्हती. पक्षी ओळखायचा म्हणजे तो हातात यायला हवा आणि हातात यायचा म्हणजे मारायला हवा. फरक पडे तो त्यानंतर. बाकीच्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीने पक्षी खाली पडला की खेळ संपे. जर्डन यांचे काम तेथून सुरू होई.

शिकारी आणि पक्ष्याची प्रतिमा यांचे नाते फार जुने आहे. अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात लव्हलॉक नावाच्या गुहेत १९२४ साली लव्हाळ्याची विणलेली बदके सापडली. तेथल्या मूळ रहिवाशांनी ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खऱ्या बदकांना भुलवून पाण्यावर उतरवण्यासाठी केली होती. पुढे गोऱ्या शिकाऱ्यांनी तीच कल्पना उचलून लाकडाची फसवी बदके कोरायला सुरुवात केली. जर्डन जालन्यात होते त्या काळात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हे कोरीवकाम घरोघरच्या शिकाऱ्यांच्या हातात होते. आधी गरज, मग छंद आणि शेवटी कला, असा त्याचा प्रवास झाला. विसाव्या शतकात तर बंदूक कधीही न धरलेली माणसेही केवळ हौसेखातर लाकडी बदके कोरू लागली.

आपल्याकडे लाकडी बदकाची गरज कुणाला पडली नाही, कारण आपल्याकडची फसवणूक जिवंत होती. पारधी पिंजऱ्यात पाळलेला तितर माळावर ठेवत. त्याच्या हाकेला उत्तर द्यायला आलेले रानतितर फासात अडकत. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने पुढे सरकत काळविटापर्यंत पोहोचण्याची युक्ती होती. तळ्यावरच्या बदकांसाठी तर उपाय भन्नाट होता. आधी काही दिवस पाण्यावर रिकामी मडकी सोडायची. बदके त्यांना सरावली की, भोके पाडलेले मडके डोक्यावर घालून माणूस गळ्याएवढ्या पाण्यात हळूहळू चालत जाई आणि एकेका बदकाचे पाय धरून त्याला गुपचूप पाण्याखाली ओढून घेई. बाकीच्या थव्याला पत्ताही लागत नसे.

जर्डन यांनी लाकूड कोरले नाही. पण शिकारीतून हाती आलेल्या पक्ष्याची हुबेहूब प्रतिमा घडवून ती जपण्याची हौस तीच होती. त्यांची प्रतिमा दोन प्रकारची होती. पहिली पक्ष्याच्या कातड्याची. बारीक छर्ऱ्यांनी पक्षी टिपायचा, पोटाकडून चीर देऊन मांस अलगद काढायचे, आतल्या बाजूला सोमल मिसळलेला साबण चोळायचा, कापूस भरायचा, पिसे नीट बसवायची आणि पायाला चिठ्ठी बांधायची, अशी त्या काळच्या संग्राहकांची रीत होती. दख्खनच्या उन्हाळ्यात हे काम पक्षी सडण्याच्या आत पुरे करावे लागे. डॉक्टरचा हात आणि डॉक्टरची हत्यारे येथे कामी येत असणार.

या छंदाची सुरुवात मात्र मोठ्या निराशेने झाली. आपण गोळा केलेले पक्षी कोणत्या जातीचे आहेत हे विचारण्यासाठी जर्डन यांनी पहिला मोठा संग्रह स्कॉटलंडमधील नामवंत निसर्गशास्त्रज्ञ सर विल्यम जार्डिन यांच्याकडे जहाजाने पाठवला. तो तेथे पोहोचेपर्यंत त्याला कसर लागली होती. किड्यांनी कातडी खाऊन टाकली होती. महिन्यामहिन्यांची मेहनत भुसा होऊन पोहोचली. दुसरा एखादा असता तर छंद सोडून पुन्हा नुसत्या शिकारीकडे वळला असता. जर्डन यांनी वेगळाच निर्णय घेतला. विलायतेतल्या पंडितांच्या उत्तराची वाट न पाहता आपल्या नोंदींवर आणि आपल्या डोळ्यांवर विसंबून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. मद्रास प्रांतातील सनदी अधिकारी वॉल्टर एलियट यांनी आपली टिपणे त्यांना मोकळ्या मनाने वापरू दिली. मद्रासहून निघणाऱ्या साहित्य व विज्ञानविषयक नियतकालिकात १८३९ पासून जर्डन यांची भारतीय द्वीपकल्पातील पक्ष्यांची सूची क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तीत सुमारे ४२० जाती होत्या. आपल्या तीरचिमणीचे पहिले वर्णन याच सूचीत आले. कर्नल साइक्स यांनी पुण्याकडच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली प्रसिद्ध केली होती हे खरे, परंतु संपूर्ण द्वीपकल्पाचा एवढा विस्तृत आढावा तोवर कुणी घेतला नव्हता.

या सूचीतली आणि नंतरच्या ग्रंथांतली सर्वांत रंजक हकिगत तणमोराची आहे. गुडघाभर गवतात राहणारा, कोंबड्याएवढा हा माळढोकाचा छोटा भाऊबंद. दक्षिणेतल्या गोऱ्या शिकाऱ्यांमध्ये अशी ठाम समजूत होती की, तणमोर दोन प्रकारचे असतात. एक वर्षभर दिसणारा करडा आणि दुसरा फक्त पावसाळ्यात दिसणारा काळा. मग तो काळा पक्षी उरलेले आठ महिने कुठे जातो, यावर जेवणाच्या टेबलावर नाना तर्क लढवले जात. जर्डन यांनी वाद घातला नाही. पावसाळा सुरू झाल्यापासून टप्प्याटप्प्याने हाती आलेले नर त्यांनी नीट तपासले. काहींच्या करड्या पिसाऱ्यात काळी पिसे नुकती फुटत होती, काही अर्धे काळे झाले होते, काही पुरते काळे. दोन पक्षी नव्हतेच. विणीच्या हंगामात नर काळा पोशाख चढवतो आणि हंगाम सरला की उतरवून ठेवतो, एवढीच ती गोष्ट होती. दख्खनच्या पावसाळी माळाने हे कोडे सोडवायला त्यांना मदत केली.

या कथेची दुसरी बाजूही आहे. काळा झालेला नर मादीचे लक्ष वेधण्यासाठी गवतातून सरळ वर उडी मारतो आणि पुन्हा गवतात उतरतो. दिवसाकाठी अशा शेकडो उड्या. एरवी गवतात शोधूनही न सापडणारा पक्षी नेमक्या विणीच्या दिवसांत स्वतःच आपला ठावठिकाणा सांगतो. शिकाऱ्याला यापेक्षा सोपे लक्ष्य ते कोणते? विणीच्या काळातली ही शिकार थांबवायला हवी, असे पुढे काही इंग्रजांनाच वाटू लागले, पण तोवर फार उशीर झाला होता. बंदुकीतून जे वाचले त्यांच्या वाट्याला गवताळ माळांचा नांगर आला. २०२१ पासून तणमोर जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. जर्डन यांनी ज्या पक्ष्याचे कोडे सोडवले, त्याला आज पाहायचे तर अजमेरकडे किंवा गुजरातेत जावे लागते.

दुसऱ्या प्रकारची प्रतिमा होती चित्राची. कातड्याला कसर लागते, चोचीचा आणि पायांचा रंग काही दिवसांत उडतो, डोळा तर लगेच जातो. त्यामुळे ताज्या पक्ष्यावरून रंगीत चित्र काढून घेणे गरजेचे होते. जर्डन यांनी त्यासाठी विलायतेतून चित्रकार मागवला नाही. त्यांनी दक्षिणेतल्या देशी चित्रकारांना हाताशी धरले. देवादिकांची चित्रे आणि कंपनीच्या साहेबांसाठी जातीजमातींची चित्रमाला रंगवणारे ते हात आता गरुडाच्या छातीवरची एकेक रेघ आणि तणमोराच्या कानामागची लांब पिसे रंगवू लागले. त्यातून १८४३ ते १८४७ या काळात मद्रासला टप्प्याटप्प्याने छापून झालेला इलस्ट्रेशन्स ऑफ इंडियन ऑर्निथॉलॉजी हा पन्नास रंगीत चित्रांचा ग्रंथ तयार झाला. शिळाप्रेसवर छाप काढायचे आणि प्रत्येक प्रत हाताने रंगवायची, असा तो खटाटोप. युरोपातल्या जाणकारांनी ही चित्रे पाहून तेथल्या उत्तम कामाशी त्यांची बरोबरी केली. दुर्दैव एवढेच की, ग्रंथावर नाव जर्डन यांचे झळकले आणि ज्यांच्या कुंचल्याने ही पाखरे जिवंत झाली ते कलावंत बहुतेकांच्या स्मरणातून गेले. पारध्यांचेही तेच झाले. कुठला पक्षी कुठल्या गवतात, कुठल्या महिन्यात सापडेल हे साहेबाला सांगणारे तेच होते.

निदान एका बाबतीत जर्डन यांनी या लोकांचे ऋण ग्रंथात उतरवले. पक्ष्याच्या शास्त्रीय नावाबरोबर त्याचे हिंदी, तेलुगू, तमिळ, मराठी नावही ते जिथे मिळेल तिथे नोंदवत. ही नावे पुस्तकातून मिळणारी नव्हती. ती विचारून, ऐकून, पुन्हा विचारून मिळवावी लागत. पुढे नेल्लोरला सिव्हिल सर्जन झाल्यावर त्यांनी तेथल्या यानादी या वनवासी जमातीकडून असेच भरपूर ज्ञान मिळवले.

१८४१ साली निलगिरीत फ्लोरा मॅक्लिऑड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. फ्लोराबाईंना वनस्पतींची, विशेषतः ऑर्किडची आवड होती, त्यामुळे घरातल्या पसाऱ्यावरून फारसे वाद झाले नसावेत. त्यानंतर नेल्लोर, मग मलबार किनाऱ्यावरचे तेल्लिचेरी, असा नोकरीचा प्रवास झाला. जेथे जावे तेथे जे सापडेल ते अभ्यासावे, हा त्यांचा खाक्या. तळ्यातले मासे, साप, सरडे, बेडूक काहीच सुटले नाही. १८५१ साली त्यांनी दक्षिण भारतातील मुंग्यांवर लिहिले आणि त्यात सत्तेचाळीस जातींची नोंद केली. त्यातली एक मुंगी उडी मारून भक्ष्य पकडते, म्हणून तिला आजही जर्डनची उडी मुंगी म्हणतात.

याच काळात त्यांनी दक्षिणेच्या झुडपी रानातून मिळवलेला एक निशाचर पक्षी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांच्याकडे गेला. ब्लाइथ यांनी १८४८ मध्ये त्याचे वर्णन केले. छातीवर दोन पट्टे असलेला हा जर्डनचा धाविक. १९०० नंतर तो कुणालाच दिसला नाही आणि नामशेष झाला असेच मानले गेले. नंतर १९८६ च्या जानेवारीत आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक भरत भूषण शोध घेत असताना गावातल्या एका पक्षी पकडणाऱ्याने तो जिवंत धरून आणला. पक्षी फार दिवस जगला नाही, पण जात अजून आहे हे कळले. त्या पक्ष्यासाठी श्रीलंकमल्लेश्वर अभयारण्य झाले आणि तेलुगू गंगा कालव्याचा मार्गही काही ठिकाणी बदलावा लागला. जर्डन यांच्या काळातल्याप्रमाणेच येथेही शास्त्रज्ञाला वाट दाखवली ती एका पारध्यानेच.

१८५७ च्या धामधुमीत जर्डन घोडदळाबरोबर सागरला होते. त्यानंतर त्यांच्या आयुष्याला अनपेक्षित कलाटणी मिळाली. भारतातील पक्ष्यांवर एकत्रित, हाताशी ठेवता येईल असा ग्रंथ हवा, ही त्यांची कल्पना गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांना पटली आणि त्यांनी डॉक्टरांना रुग्णसेवेतून मोकळे करून या कामावर नेमले. १८६२ ते १८६४ या काळात कलकत्त्याहून द बर्ड्स ऑफ इंडिया हा ग्रंथ निघाला. त्यात १००८ जाती आहेत. हा ग्रंथ संग्रहालयात बसून लिहिलेला नाही, हे त्याच्या पानापानातून जाणवते. कुठला ससाणा कशावर झेप घेतो, शिक्रा कसा शिकवतात, कुठले बदक चवीला बरे आणि कुठले चिखलट, हेही त्यात आहे. शिकारी आणि शास्त्रज्ञ एकाच लेखणीतून बोलतात. पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला परिचित झालेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी आपले प्रचंड पक्षिकार्य याच ग्रंथाच्या पायावर उभे केले. जर्डन यांनी पक्ष्यांना दिलेले क्रमांकही ह्यूम यांनी तसेच वापरले.

सस्तन प्राण्यांवरचा ग्रंथ १८६७ साली रुडकीच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्यानंतर आसामकडे भ्रमंती, तब्येतीच्या कुरबुरी आणि १८७० मध्ये इंग्लंडला परत. भारतातील समस्त प्राणिसृष्टीवर एक सलग ग्रंथमाला सरकारने काढावी, असा त्यांचा शेवटपर्यंत आग्रह होता. १२ जून १८७२ रोजी लंडनजवळच्या अप्पर नॉरवुड येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची एकसष्टीही गाठली नव्हती. त्यांना हवी होती ती फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया ही माला विल्यम ब्लॅनफर्ड यांच्या संपादनाखाली १८८८ मध्ये सुरू झाली.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला आणि कातड्यांचे संग्रह करण्याचे दिवसही संपले. हरेव्यापासून चंडोलापर्यंत अनेक पक्ष्यांना आणि हिमालयातल्या एका विषारी सापालाही जर्डन यांचे नाव आहे. जालन्यात मात्र त्यांची खूण दगडावर कुठे कोरलेली नाही. तीरचिमणी तेवढी दख्खनच्या उघड्या, खडकाळ माळांवर आजही दिसते. पावलांची चाहूल लागली की ती थोडी पुढे धावते, एखाद्या दगडावर चढून शेपटी हलवते आणि मग मातीच्या रंगात दिसेनाशी होते. पक्ष्यांच्या सूचीत तिच्या नावापुढे जर्डन, १८४० अशी नोंद असते आणि मूळ स्थान म्हणून जालना.